नोंदवहीत न आलेली मुले : तोकुगावाकालीन जपानमधील लोकसंख्या व मृत्युमानाच्या अभ्यासांची चिकित्सा

प्रस्तावना

आधुनिकपूर्व समाजांच्या लोकसंख्येचा विचार करताना जपानचा उल्लेख नेहमीच अपवाद म्हणून केला जातो. तोकुगावा राजवटीच्या (१६०३ ते १८६८) उत्तरार्धात जपानची लोकसंख्या सव्वाशे वर्षे जवळजवळ स्थिर राहिली. याच काळात शेतीउत्पादन वाढले, बाजारपेठ विस्तारली आणि खेड्यांत साक्षरता पसरली. या स्थिरतेचे स्पष्टीकरण काय, हा प्रश्न जपानी आणि पाश्चात्त्य अभ्यासकांना गेली अनेक दशके आव्हान देत आला आहे. दारिद्र्य व दुष्काळ यांनी लोकसंख्या रोखून धरली, असे एक उत्तर आहे. शेतकरी कुटुंबांनी विचारपूर्वक आपला आकार मर्यादित ठेवला, असे दुसरे उत्तर आहे. ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी असली, तरी ती बव्हंशी एकाच साधनावर आधारलेली आहेत, ही बाब लक्षणीय आहे.

प्रस्तुत लेखात या साधनाची, म्हणजे गावपातळीवरील धर्मपरीक्षा नोंदवह्यांची, आणि त्यांच्या आधारे मांडण्यात आलेल्या प्रमुख सिद्धांतांची चिकित्सा करण्यात आली आहे. पहिल्या नोंदीपूर्वी मृत्यू पावलेली मुले या नोंदवह्यांत येत नाहीत. ही रिकामी जागा प्रत्येक अभ्यासकाने आपापल्या सिद्धांतानुसार भरून काढली आणि त्यामुळे एकाच नोंदवहीतून तीन वेगवेगळे जपान उभे राहिले, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. नोंदवहीचे मूळ प्रयोजन

जपानी भाषेत ‘शूमोन-आरातामे-चो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नोंदवह्यांचा जन्म लोकसंख्या मोजण्याच्या हेतूने झालेला नाही. १६१४ मध्ये शोगुनशाहीने ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी घातली. १६३७–३८ मधील शिमाबारा येथील उठावानंतर ही बंदी अधिक कठोर झाली. प्रत्येक व्यक्ती कोणत्या ना कोणत्या बौद्ध मंदिराशी संलग्न आहे आणि ती ख्रिस्ती नाही, याची खातरजमा करण्यासाठी घरोघरची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. १६७१ च्या सुमारास ती देशभर सक्तीची करण्यात आली. कुटुंबप्रमुख, त्याच्याशी असलेले प्रत्येकाचे नाते, नाव, वय आणि मंदिर असा तपशील या नोंदवह्यांत असतो. अनेक ठिकाणी ही नोंद दरवर्षी नव्याने होत असे. त्यामुळे एकाच कुटुंबाचा मागोवा वर्षानुवर्षे घेता येतो. विवाह, दत्तकविधान, नोकरीसाठी गावाबाहेर जाणे, मृत्यू यांचा इतका सलग पुरावा त्या काळातील फार थोड्या समाजांत उपलब्ध आहे.

या सामग्रीचे मोल प्रथम ओळखण्याचे श्रेय आकिरा हायामी (१९२९–२०१९) यांच्याकडे जाते. १९६० च्या दशकात युरोपमधील वास्तव्यात लुई आंरी यांनी विकसित केलेल्या कुटुंब-पुनर्रचना पद्धतीशी त्यांचा परिचय झाला. फ्रान्समधील चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींसाठी तयार झालेली ही पद्धत त्यांनी जपानी नोंदवह्यांना लागू केली. सुवा परिसरातील योकोउची आणि मिनो प्रांतातील निशिजो या गावांवरील त्यांच्या अभ्यासांनी जपानमधील ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचा पाया घातला.

मात्र येथेच एक मूलभूत फरक नजरेआड होण्याचा संभव आहे. चर्चच्या नोंदी घटनांच्या आहेत. मूल जन्मले, बाप्तिस्मा झाला, नोंद झाली. जपानी नोंदवही ही स्थितीची नोंद आहे. ठरावीक दिवशी त्या घरात कोण होते, एवढेच ती सांगते. दोन नोंदींच्या दरम्यान जन्मून मृत्यू पावलेले मूल तिच्या दृष्टीने जन्मलेलेच नसते. धर्मपरीक्षेच्या हेतूला यामुळे कोणतीही बाधा येत नव्हती, कारण अर्भक ख्रिस्ती असण्याची भीती प्रशासनाला नव्हती. लोकसंख्येच्या अभ्यासकाला मात्र ही उणीव अत्यंत महाग पडते.

२. पहिल्या नोंदीपूर्वीचे आयुष्य

ही उणीव किती मोठी ठरू शकते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. एखाद्या गावात काही वर्षांत १०० मुले जन्मली आणि त्यांपैकी २० पहिल्या नोंदीपूर्वीच मरण पावली, असे समजू. उरलेली ८० मुले सरासरी ४५ वर्षे जगली. नोंदवहीच्या आधारे जन्मसमयीचे आयुर्मान ४५ वर्षे निघेल. प्रत्यक्षात ते ३६ वर्षांच्या आसपास असेल. स्त्रीमागे सरासरी पाच अपत्ये होत असतील, तर नोंदवही चारच दाखवेल. म्हणजे एकाच त्रुटीमुळे समाज प्रत्यक्षाहून अधिक निरोगी आणि प्रत्यक्षाहून कमी प्रजननशील दिसू लागतो. ‘कमी जन्म, कमी मृत्यू’ हे तोकुगावा समाजाचे जे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, त्याचा काही भाग अशा रीतीने नोंदीच्या पद्धतीतूनच निर्माण झालेला असू शकतो.

या त्रुटीचे आणखी एक अंग आहे. न नोंदलेले २० जन्म आणि २० मृत्यू एकमेकांना छेद देतात. त्यामुळे गावाच्या एकूण लोकसंख्येचा आकडा तंतोतंत जुळतो आणि नोंदवही विश्वासार्ह असल्याचा समज दृढ होतो. शिवाय जपानी वयोगणनेनुसार मूल जन्मताच एक वर्षाचे मानले जाई आणि नववर्षाबरोबर दोन वर्षांचे होई. वर्षअखेरीस जन्मलेले मूल काही दिवसांतच ‘दोन वर्षांचे’ ठरत असल्याने नोंदवहीतील वयावरून अर्भकमृत्यूचा अंदाज बांधणे अधिकच अवघड होते.

देशव्यापी आकड्यांबाबतही हीच सावधगिरी आवश्यक आहे. शोगुन योशिमुनेच्या आज्ञेने १७२१ मध्ये सर्व संस्थानांकडून लोकसंख्येची माहिती मागविण्यात आली आणि १७२६ पासून दर सहा वर्षांनी तसे करण्याचा प्रघात पडला. १७२१ चा आकडा सुमारे २ कोटी ६१ लाख, तर १८४६ चा सुमारे २ कोटी ६९ लाख आहे. या गणनेतून सामुराई व त्यांच्या आश्रितांना वगळण्यात आले होते. लहान मुलांबाबत प्रत्येक संस्थानाचा नियम वेगळा होता. वाकायामा संस्थानात आठ वर्षांखालील मुले मोजलीच जात नसत. मेइजी शासनाने १८७२ मध्ये नव्या कुटुंब-नोंदणीनुसार मोजणी केली, तेव्हा ३ कोटी ३१ लाखांचा आकडा समोर आला. अवघ्या २६ वर्षांत ६२ लाखांची वाढ झाली, असे मानणे कठीण आहे. या वाढीचा मोठा हिस्सा पूर्वी न मोजलेल्या माणसांचा आहे, हे उघड आहे.

३. एका रिकाम्या जागेची तीन वाचने

पहिले वाचन दारिद्र्याचे आहे. जुन्या पिढीतील जपानी इतिहासकारांनी, विशेषतः मार्क्सवादी प्रभावाखालील अभ्यासकांनी, तोकुगावा खेड्याचे चित्र करभाराने पिचलेल्या शेतकऱ्याचे रंगविले. ‘माबिकी’ हा शब्द या मांडणीत केंद्रस्थानी आहे. या शब्दाचा मूळ अर्थ शेतातील रोपांची विरळणी असा आहे. उरलेली रोपे नीट वाढावीत म्हणून काही उपटून टाकणे, ही क्रिया नवजात मुलांच्या हत्येसाठी सौम्य शब्द म्हणून रूढ झाली. या दृष्टिकोनातून माबिकी ही हतबलतेची खूण ठरते. संस्थानिकांचे मनाई हुकूम आणि नीतिपर पुस्तिका हे या मांडणीचे मुख्य पुरावे होत. परंतु हे पुरावे उपदेशकांचे आहेत. प्रथा अस्तित्वात होती हे त्यांवरून समजते. ती किती घरांत होती आणि कोणत्या कारणाने होती, हे मात्र समजत नाही.

दुसरे वाचन नियोजनाचे आहे. १९७७ मध्ये या विषयावरील दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रकाशित झाले. सुसान हॅन्ली व कोझो यामामुरा यांनी आर्थिक व लोकसंख्याविषयक बदलांचा एकत्रित विचार करून राहणीमान टिकविण्यासाठी व उंचावण्यासाठी कुटुंबांनी संततीवर मर्यादा घातली, असे प्रतिपादन केले. थॉमस स्मिथ यांनी ‘नाकाहारा’ असे टोपणनाव दिलेल्या गावाच्या १७१७ ते १८३० या काळातील नोंदींचा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष अधिक धक्कादायक होता. कुटुंबात आधी मुलींची संख्या अधिक असेल, तर पुढील नोंदलेले अपत्य मुलगा असण्याची शक्यता वाढते आणि मुलगे अधिक असतील तर उलट घडते, असे त्यांना आढळले. ही प्रवृत्ती केवळ गरीब घरांपुरती मर्यादित नव्हती. त्यामुळे माबिकी हे संकटकाळातील कृत्य नसून कुटुंबाची रचना साधण्याचे साधन होते, असे त्यांनी मांडले.

स्मिथ यांच्या युक्तिवादाचे बलस्थान मान्य करावे लागेल. देवी किंवा हगवण आधीच्या भावंडांचे लिंग पाहून मुलाला गाठत नाही. म्हणून लिंगप्रमाणातील असा क्रमबद्ध कल केवळ रोगाने स्पष्ट होत नाही. परंतु या पुराव्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मानवी हस्तक्षेप होता, एवढे तो सिद्ध करतो. न नोंदलेल्या मुलांपैकी किती हस्तक्षेपाने गेली आणि किती आजाराने, हे प्रमाण त्यातून निघत नाही. एका गावातील मर्यादित कुटुंबसंख्येवरून देशव्यापी निष्कर्ष काढताना ही मर्यादा अधिकच जाणवते. ‘नियोजन’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. निर्णय कोणाचा होता, प्रसूत झालेल्या स्त्रीचा, तिच्या सासूचा की कुटुंबप्रमुखाचा, याविषयी नोंदवही मौन पाळते. कुटुंबाला एकसंध, विवेकी कर्ता मानल्यामुळे घरातील सत्तासंबंधांचा प्रश्न या मांडणीत दुर्लक्षित राहिला आहे.

तिसरे वाचन संशयाचे आहे. लॉरेल कॉर्नेल यांनी १९९६ मधील लेखात अर्भकहत्येच्या व्यापकतेविषयीच शंका उपस्थित केली. दीर्घकाळ स्तनपान, कामासाठी पती-पत्नींचा वियोग अशा कारणांनीही अपत्यांमधील अंतर वाढू शकते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. हा इशारा मोलाचा आहे. तथापि केवळ या कारणांनी स्मिथ यांना आढळलेला लिंगविषयक कल स्पष्ट होत नाही, ही अडचण उरतेच.

या तिन्ही वाचनांत सांस्कृतिक स्पष्टीकरणांचाही आधार घेण्यात येतो. सात वर्षांपर्यंतचे मूल देवलोकाचेच असते, या समजुतीचा दाखला लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांकडून वारंवार दिला जातो. ही समजूत खरोखर किती जुनी आहे, याविषयी मतभेद आहेत. त्यामुळे तिच्या बळावर तोकुगावाकालीन मातापित्यांच्या मनाविषयी विधाने करणे धोक्याचे ठरते.

४. मंदिरातील मृतांची वही

या कोंडीतून मार्ग काढण्याचा महत्त्वाचा प्रयत्न ॲन जानेटा यांनी केला. त्यांनी गावाच्या नोंदवहीऐवजी बौद्ध मंदिरातील ‘काकोचो’, म्हणजे मृतांची वही, अभ्यासासाठी निवडली. श्राद्धादी विधींसाठी मंदिराला प्रत्येक मृताचे मरणोत्तर नाव व मृत्युदिन आवश्यक असे. लहान मुलांच्या मरणोत्तर नावांना वयानुसार वेगळे प्रत्यय लावले जात. परिणामी, गावाच्या वहीत कधीच न आलेली मुले येथे मात्र आढळतात. मध्य जपानच्या डोंगराळ हिदा प्रदेशातील एका मंदिराची वही जानेटा व सॅम्युअल प्रेस्टन यांनी अभ्यासली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गावाच्या नोंदवह्यांवरून दिसणाऱ्या चित्रापेक्षा येथील मृत्युमान, विशेषतः बालमृत्यूचे प्रमाण, बरेच अधिक आढळले. जपानच्या आधुनिकपूर्व समृद्धीच्या चित्राला या निष्कर्षांनी गंभीर आव्हान दिले.

या वहीच्या काही भागात मृत्यूचे कारणही नोंदलेले आहे. जानेटा यांच्या १९८७ मधील ग्रंथात त्याचा विस्तृत उपयोग करण्यात आला आहे. देवीचा रोग जपानमध्ये कायमचा वस्तीला होता आणि त्याचे बळी प्रामुख्याने लहान मुले होती. गोवर मात्र दीर्घ अंतराने बाहेरून येई. १८०३, १८२४, १८३६ व १८६२ मधील साथी यांचे उदाहरण होत. पटकीची पहिली साथ १८२२ मध्ये आली आणि १८५८ मध्ये तिने पुन्हा थैमान घातले. समुद्रवेष्टित स्थान आणि मर्यादित परदेशसंपर्क यांमुळे प्लेगपासून मात्र जपानचे रक्षण झाले, असे जानेटा यांचे प्रतिपादन आहे.

या एकाकीपणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. मुंबईत १८९६ मध्ये पोहोचलेल्या प्लेगच्या जागतिक साथीचा जपानमधील पहिला शिरकाव १८९९ मध्ये झाला, तोवर जपान या रोगापासून मुक्त होता. याउलट १८०२ मध्येच मुंबईत पोहोचलेली देवीची लस नागासाकीत यशस्वीपणे येण्यास १८४९ साल उजाडावे लागले. बंद दारांनी एक रोग बाहेर ठेवला आणि दुसऱ्या रोगावरील उपायही जवळजवळ अर्धशतक बाहेरच ठेवला. त्या अर्धशतकात देवीने नेलेल्या मुलांपैकी पुष्कळशी गावाच्या वहीत एकदाही नोंदली गेलेली नसणार.

मंदिराची वहीही निर्दोष नाही. तिच्यात मृत आहेत, पण त्या वेळी जिवंत असलेल्यांची संख्या नाही. त्यामुळे मृत्युदर काढताना लोकसंख्यावाढीविषयी काही गृहीतके स्वीकारावी लागतात. एका डोंगराळ प्रदेशाचे चित्र सपाट, भातशेतीच्या प्रदेशाला लागू होईलच असे नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या मुलासाठी घराने विधी केला तेच मूल या वहीत येते. माबिकीला बळी पडलेल्या मुलासाठी विधी होण्याची शक्यता कमीच. म्हणजे रोगाने गेलेली मुले शोधण्यास ही वही उपयुक्त असली, तरी हाताने नाहीशी केलेली मुले तिच्याही बाहेरच राहतात.

५. प्रदेश, दुष्काळ आणि शहर

‘स्थिर लोकसंख्या’ ही संकल्पनाही चिकित्सेस पात्र आहे. देशाची बेरीज स्थिर दिसते, कारण तिच्यात परस्परविरोधी प्रवाह एकत्र आले आहेत. पश्चिम जपानमध्ये लोकसंख्या वाढत असताना ईशान्येकडे व एदोच्या आसपासच्या कांतो प्रदेशात ती घटत होती. १७८३ मधील आसामा ज्वालामुखीचा उद्रेक आणि थंड उन्हाळे यांच्या काळातील तेन्मेइ दुष्काळाने ईशान्य भाग उद्ध्वस्त केला. १७८० ते १७९२ या बारा वर्षांत अधिकृत आकडा सुमारे ११ लाखांनी घटला. १८३० च्या दशकातील तेन्पो दुष्काळाने हेच चित्र पुन्हा उभे केले. दुष्काळात किती लोक मेले आणि किती गाव सोडून नोंदीबाहेर गेले, हे या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही.

शहरांचा परिणाम हायामी यांनी निशिजो गावाच्या आधारे दाखवून दिला. या गावातील तरुण-तरुणींचा मोठा हिस्सा नागोया, क्योतो, ओसाका अशा शहरांत नोकरीसाठी जात असे. त्यांपैकी अनेक तेथेच मृत्यू पावले आणि परतलेल्या मुलींचे विवाह उशिरा झाले. खेड्यातील वाढीव माणसे शहरे गिळंकृत करीत होती, हा त्यांचा निष्कर्ष आहे. लोकसंख्या रोखली जाण्याचे हे कारण घरातील विवेकी नियोजनाहून पूर्णतः वेगळे आहे. हायामी यांचे विवेचन येथे अधिक पटण्याजोगे वाटते, कारण गाव सोडताना ही मुले वयाने मोठी होती आणि त्यांचे जाणे व मरणे दोन्ही नोंदवहीत आले होते. साधन जेथे बोलके आहे, तेथे निष्कर्षही भक्कम आहे.

६. अलीकडील प्रयत्न

फाबियन ड्रिक्सलर यांनी २०१३ मधील ग्रंथात पूर्व जपानमधील शेकडो गावांच्या नोंदी एकत्र करून माबिकीचा प्रश्न नव्याने मांडला. अठराव्या शतकात या भागात लहान कुटुंबाचा आदर्श रुजला होता आणि त्या शतकाच्या अखेरीपासून तो हळूहळू मोडत गेला, असे त्यांचे प्रतिपादन आहे. संस्थानांनी सुरू केलेली गर्भनोंदणी, मुलांच्या संगोपनासाठी दिलेले अनुदान आणि धार्मिक उपदेश यांचा त्यांनी एकत्रित विचार केला आहे. जुन्या मांडणीत केवळ उपदेश म्हणून वाचला गेलेला पुरावा येथे आकड्यांच्या जोडीला आला, ही या अभ्यासाची जमेची बाजू होय. तरीही गर्भनोंदींमधील ‘मृत जन्म’ या शब्दामागे खरोखरचा मृत जन्म किती आणि लपविलेली हत्या किती, हा प्रश्न पूर्णतः सुटत नाही.

निहोन्मात्सु संस्थानातील शिमोमोरिया व नीता या गावांवरील तुलनात्मक संशोधनाने वेगळी वाट दाखविली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरेशियाविषयक संयुक्त अभ्यासात सरासरी आयुर्मान किती, या प्रश्नाऐवजी धान्य महागल्यावर घरातील कोणाच्या मृत्यूचा धोका वाढतो, हा प्रश्न विचारण्यात आला. नोंदवही ज्या व्यक्तींना पाहते, त्यांच्यापुरताच प्रश्न मर्यादित ठेवल्याने साधनाची मर्यादा येथे कमी बाधक ठरते. ही पद्धतशीर नम्रता अनुकरणीय आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) तोकुगावाकालीन कमी जन्मदर व कमी मृत्युदर हे दोन स्वतंत्र शोध नाहीत. दोहोंचा काही अंश अर्भकांच्या नोंदीतील एकाच त्रुटीतून उद्भवतो. म्हणून एकाला दुसऱ्याचा पुरावा मानता येत नाही.

२) अर्भकहत्येचे अस्तित्व लिंगक्रमाच्या पुराव्याने सिद्ध होते, परंतु तिचे प्रमाण केवळ धर्मपरीक्षा नोंदवह्यांवरून ठरविता येत नाही.

३) मंदिराची वही, गर्भनोंद आणि गावाची नोंदवही ही तीन साधने मुलाच्या आयुष्यातील तीन वेगवेगळे क्षण टिपतात. गर्भनोंद त्याच्या येण्याची चाहूल टिपते, गावाची वही घराने त्याला स्वीकारल्याचे सांगते आणि मंदिराची वही त्याच्यासाठी झालेल्या शोकाची साक्ष देते. या तिन्हींना एकत्र ठेवल्याविना कोणतेही अनुमान अपुरेच राहील.

४) देशव्यापी स्थिरतेपेक्षा प्रादेशिक भिन्नता आणि शहरांतील मृत्युमान हे अभ्यासाचे अधिक फलदायी विषय आहेत.

न नोंदलेले मूल रोगाने गेले असे मानले, तर त्याच्या मातापित्यांच्या वाट्याला दुःख येते. ते हाताने गेले असे मानले, तर त्यांच्या वाट्याला कधी हतबलता, तर कधी हिशेबीपणा येतो. सव्वाशे वर्षांच्या जपानी खेड्याचे नैतिक चरित्र अशा रीतीने एका कोऱ्या जागेच्या वाचनावर अवलंबून राहिले आहे. म्हणूनच त्या जागेत आपल्या सिद्धांताला सोयीचा आकडा लिहिण्यापूर्वी ती कोरी आहे याची स्पष्ट कबुली देणे, हे ऐतिहासिक लोकसंख्याशास्त्राचे पहिले कर्तव्य ठरते.